पेटी उचलणाऱ्याचे चार शब्द

क्लेमंट स्टॅनिफोर्थ, तुझ्यावर कविता लिहायला
खरं तर माझ्या कमरेनं बसायला हवं होतं.
पण ती आता बसतही नाही धड.

एकशे ऐंशी किलोंचा तुझा तो ऑर्गन
अकरा वर्षं मी जिन्यांवरून चढवला, उतरवला,
आणि जिने म्हणजे ग्रिम्सबीतल्या पबांचे,
दारू पिऊन खलाशांनी बांधलेले,
एक पायरी वीतभर, पुढची गुडघाभर.
'थ्री कॉड्स'च्या मालकिणीनं एकदा
काळ्या कापडात गुंडाळलेली पेटी पाहिली,
एप्रन डोळ्यांना लावून विचारलं, "कोण गेलं?"
म्हटलं, "अजून कोणी नाही, बाई.
पण खालच्या बाजूला मी आहे."

तू मागून यायचास. हातात तुझं सँडविच.
"बोटं जपावी लागतात रे," म्हणायचास,
आणि वर, "वळणावर सांभाळून हं."
हे मला नव्हे,
पेटीला.

डॅरिल गायचा, म्हणजे शर्ट काढायचा.
रॉडी गिटार वाजवताना असं तोंड करायचा
की पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं
त्याला लवंगेचं तेल आणून दिलं.
सिरिल ड्रमवर. तालाचं माहीत नाही,
पण घाम प्रामाणिक.
आणि तू सिगारेटच्या मशीनशेजारी,
बहिणीनं विणलेला स्वेटर,
चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.
दिवसा टाउन हॉलात जन्ममृत्यू नोंदवायचास,
रात्रीही तोच चेहरा घेऊन यायचास.
बँडच्या एकुलत्या एका पोस्टरवर
तुझं फक्त कोपर आलंय.
(तरी चांगलं आलंय.)

डॅरिल गाणं सुरू करायचा एका पट्टीत
आणि संपवायचा भलत्याच गावात.
तू निमूटपणे त्याच्या मागोमाग,
जत्रेत हरवलेलं पोर
बोट धरून घरी आणावं तसा.
लोक म्हणायचे, काय गातो हा डॅरिल!
तू चष्मा पुसायचास.

मग कधीतरी, साडेदहाच्या सुमारास,
रॉडी तार बदलायला खाली वाकला
की तुझा डावा हात खाली उतरायचा,
त्या जाड, ओल्या सुरांकडे,
आणि बारमधले ग्लास एकमेकांना
हळूच टेकायचे.
गोदीवरची माणसं, दिवसभर बर्फात मासे उपसलेली,
बोलायची थांबायची.
कुणी घोट घेत नसे. मालकिणीला ते आवडत नसे.

क्लीथॉर्प्सची ती फेब्रुवारीतली रात्र.
रॉडीनं बिअरचा अख्खा जग
पेटीच्या पोटात ओतला. अपघात म्हणे.
तू तीन तास वाजवलंस.
दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, पुसायला,
तर अकरा पट्ट्या मुक्या. अकरा!
मधला सा तर चिकटून पार गेलेला.
त्या अकरांना वळसा घालून तू
रात्रभर चाललास, आणि आम्हा गाढवांना
पाऊल वाकडं पडल्याचं कळलंसुद्धा नाही.
विचारलं, तर म्हणालास,
"हो, जरा गैरसोय झाली.
पण माणसं तिकीट काढून आली होती ना."
मग विचारलंस, पेटी आतून कोरडी झाली का नीट,
तिला थंडी सोसत नाही.

परवा तू नवा कीबोर्ड घेतलास.
इस्त्रीच्या फळीएवढा, काखेत मावणारा.
"आता तू सुटलास," म्हणालास,
आणि स्वतःच उचलून निघालास जिन्यावर,
अवघडलेला, नव्या नवरदेवासारखा.
मला काय करावं सुचेना,
अकरा वर्षांत हात एवढे रिकामे कधी नव्हते.
शेवटी तुझं सँडविच उचललं
आणि मागून ओरडलो,
"वळणावर सांभाळून हं!"

अर्धं मी खाल्लं, क्लेम.
लोणचं फार घालतोस.